तीन खुर्च्या आणि कनवटीची डबी

१८ मार्च, सोमवार

सासूबाई नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा!

पासपोर्ट झाला, व्हिसा आला, देवेश तिकडे टोरांटोत बसून रोज विचारतो — आजीचं तिकीट काढू की नको? आणि या ओटीवर पाय पसरून म्हणतात, "मला नाय यायचं गं, परभा. तुमी दोघं जावा. मी लेकीकडं, जनीकडं कशेळ्याला राहीन."

हे म्हणाले, "नाही तर नाही." यांच्याकडे सगळ्यावर हेच एक उत्तर आहे. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, दुसरं उत्तर अजून ऐकायचंय.

देवेशला मुलगी झाली त्याला आज सहा दिवस. फोटोत नुसती लाल मूठ दिसते. मी आजी झाले आणि अजून हाताला तिचा वास नाही.

२१ मार्च

आज फोनवर तमाशा. व्हिडिओ कॉल लावून दिला. सासूबाईंनी पहिलं काय विचारावं? "नाळ पडली का गं पोरीची?"

सून रुचिता म्हणाली, "हो आजी, कालच पडली."

"कुठं ठेवलीस?"

ती बिचारी पनवेलची, सरळ मनाची. म्हणाली, "टाकली ना आजी, डायपरबरोबरच गेली."

सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि उठून परसात गेल्या. जेवल्या नाहीत. मी रुचिताची समजूत काढली, मग सासूबाईंची काढायला गेले तर मला म्हणाल्या, "तुझं काम कर जा." आता मी काय केलं!

खरं सांगायचं तर मलाही चर्रर्र झालं. देवेशची नाळ आमच्या परसात आहे, पेरूखाली. मी बाळंतिणीच्या खोलीत पडले होते आणि बाहेर कुदळीचा आवाज येत होता. सासूबाई स्वतः खणत होत्या. शाळेत सिस्टर बेनेडिक्टांनी दहा वर्षं आम्हाला असल्या समजुतींतून बाहेर काढायचा प्रयत्न केला. पण त्या पेरूकडे बघितलं की वाटतं, जाऊन जाऊन जाईल कुठे पोरगा? येईलच.

त्याला जाऊन नऊ वर्षं झाली.

२३ मार्च, शनिवार

"मी येते," म्हणाल्या. चहा बशीत ओतता ओतता. जसं काही कर्जतच्या बाजारात यायचंय!

मी विचारलं, असं अचानक? "मनात आलं," म्हणाल्या.

बरं झालं. फार बरं झालं. का ते इथेच लिहिते, इथे कोणी वाचणार नाही.

सात जूनला देवेशची तिथल्या नागरिकत्वाची शपथ आहे. मग आपला पासपोर्ट परत करायचा. तो हे फोनवर अशा आवाजात सांगतो, जणू गॅसचं कार्ड बदलायचंय. त्याच्या आत मला पोचायचंय. मी एक वाक्य तयार केलंय — "देवेश, शपथ घेण्याआधी एकदा विचार कर, परत येतोस का?" एवढंच. रडायचं नाही, भांडायचं नाही. यांना सांगितलं नाही. हे म्हणतील, पोराला कोंडीत पकडू नको.

पण मी एकटी विचारीन तर तो हसण्यावारी नेईल. शेजारी आजी हवी. तिने काही बोलायला नको, नुसतं बसायचं. तिच्यापुढे त्याला कधी खोटं बोलता आलं नाही.

म्हणून सासूबाईंना तिथपर्यंत धडधाकट न्यायचं. बावीस तास. पाय न सुजता, पोट न बिघडता, न रुसता. बाकी मला काही माहीत नाही.

२७ मार्च

कर्जतला ओमकारच्या ऑफिसात दोन तास. हा तिकिटांचं करणारा पोरगा, देवेशच्या मागे दोन वर्षं होता शाळेत. तीन सीट तीन रांगांत! मी म्हटलं, अरे, चौऱ्याऐंशी वर्षांची बाई एकटी परक्या माणसांत बसेल का?

"काकू, सिस्टीमने दिल्यात."

"मग सिस्टीमला सांग, माझ्या सासूला विचारून दे."

पुढची पाय पसरायची रांग मिळते का विचारलं, तर म्हणे ती तान्ह्या बाळवाल्यांना देतात. म्हटलं, आमची पण तान्हीच आहे, दात दोनच आहेत. हसला, पण दिली नाही. शेवटी मधल्या बाजूच्या तीन सलग मिळाल्या, टॉयलेटपासून चौथी रांग. व्हीलचेअर लिहून घेतली. मऊ जेवण लिहून घेतलं.

घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी सगळ्यातून एकच शब्द उचलला. "व्हीलचेर? मला काय लुळी समजता? भाताच्या आवणीला तुझ्यापेक्षा दोन ओळी पुढं होते मी!"

चाळीस वर्षांपूर्वीच्या ओळी!

२ एप्रिल

डॉक्टरांनी फिट लिहून दिलं. बीपी माझंच जास्त निघालं.

डॉक्टर म्हणाले, मशेरी बंद करा आजी, प्रवासात चक्कर येईल. सासूबाईंनी मान हलवली. मान हलवायला काय जातं! सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांना मशेरी लावल्याशिवाय त्यांचा दिवस सरकत नाही. ती पितळी डबी कायम कनवटीला, नऊवारीच्या कमरेच्या घडीत खोचलेली. मी डबी घरीच राहील म्हटलं. तान्हं बाळ आहे तिथे, तंबाखू कशाला!

"डबी माझ्याबरूबर येनार," म्हणाल्या. "नायतर मीबी नाय."

हे पेपरमागून बोलले, "आईच्या डबीला हात लावू नकोस. घर पेटेल."

५ एप्रिल

खरी अडचण मशेरीची नाही, मांडीची आहे.

सासूबाई जन्मात खुर्चीवर तासाभरापेक्षा जास्त बसलेल्या नाहीत. पाय लोंबकळले की घोटे सुजतात. जमिनीवर मांडी घाला, दिवसभर भाजी निवडतील. विमानात मांडी कुठे घालणार?

ओमकारला फोन करून विचारलं, एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंत किती जागा? म्हणाला, साधारण एकतीस इंच. टेप आणली. पडवीत तीन प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीत, त्यांच्या पुढे एकतीस इंचांवर आणखी तीन. उद्यापासून सराव.

हे म्हणाले, "तू वेडी झालीस."

झाले. मग?

६ एप्रिल, शनिवार

सरावाचा पहिला दिवस. सासूबाई मध्ये, मी वाटेच्या बाजूला, हे दुसऱ्या टोकाला. चार तास बसायचं ठरलं.

दहाव्या मिनिटाला हे घोरायला लागले. विसाव्या मिनिटाला सासूबाईंनी खुर्चीवरच मांडी घातली आणि खुर्चीचा पाय कलला. मी धरलं म्हणून! मग त्यांनी विचारलं, "खिडकी कुठं हाय?" म्हटलं, मधल्या सीट आहेत, खिडकी नाही. "मग बघायचं काय बावीस तास? तुझं तोंड?"

तेवढ्यात कशेळ्याहून जीप करून जनीवन्सं आल्या. यांची धाकटी बहीण. ही नणंद आली की घरात चार माणसं आल्यासारखं होतं. पडवीत आम्हाला असे ओळीत बसलेले बघून त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग पदर खोचला आणि ताटली घेऊन मधून फिरायला लागल्या. "चा घ्या, चा! कोनाला मळमळतंय का? मळमळलं तर हितं नाय, शेजारच्याच्या मांडीवर!"

सासूबाई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी. मला राग यायला हवा होता. दुपारी पुन्हा विचारतात, "इमान कवा लावतेस?"

१० एप्रिल

पायाखाली घ्यायला गादीच्या कापसाची घट्ट उशी शिवली. बारा इंच उंच. तिच्यावर पाय ठेवले की लोंबकळत नाहीत. आज अडीच तास बसल्या, घोटे जसेच्या तसे. जग जिंकल्यासारखं वाटलं.

घट्ट मोजे मात्र दहा मिनिटांत काढून फेकले. "हे काय, पायाला बनियन?"

१४ एप्रिल

टॉयलेटचं बघितलं. विमानातली मोरी आमच्या कपड्यांच्या कपाटाएवढी असते म्हणे. तिथे नऊवारीचा कासोटा सोडून परत खोचायचा कसा? पाचवारी नेसा म्हटलं, तर "मी काय मास्तरीण हाय?" गाऊन दाखवला तर दोन तास अबोला.

शेवटी कपाट रिकामं करून आत उभं राहून बघितलं. मी, साठ पार केलेली बाई, कपाटात! बाहेरून हे विचारतात, "आत कोणी आहे का?"

कासोटा ढिला ठेवायचा, मी दाराशी उभी राहायचं. ठरलं.

१७ एप्रिल

सासूबाईंच्या सगळ्या चोळ्यांना, शालीला, उशीला आतून नावाच्या पट्ट्या शिवल्या. लाल दोऱ्याने. खंडाळ्याला बोर्डिंगला निघाले तेव्हा आईने माझ्या प्रत्येक कपड्याला अशाच पट्ट्या लावल्या होत्या. सहा वर्षांची होते. पहिल्या आठवड्यात रोज अंगावरची पट्टी चाचपून बघायचे, आपण कोणाच्या आहोत ते.

सासूबाई म्हणाल्या, "मी काय हारवनार हाय?"

तुम्ही नाही हो. कोणीतरी आधीच हरवलंय, ते परत आणायचंय. — हे बोलले नाही. दोरा तोडला.

२० एप्रिल

गेले काही दिवस एक बघतेय. सासूबाई माझ्यासमोर मशेरी लावत नाहीत. डबी मात्र कमरेलाच. म्हणजे लपून लावतात! या वयात माझ्याशी लपाछपी. काल आंघोळीला गेल्या तेव्हा डबी बघावी म्हटलं, तर ती घेऊन मोरीत! बाईमाणसाचा संशय तरी किती!

देवेशचा फोन. म्हणाला, "आई, तू इतकं टेन्शन नको घेऊस. लाखो म्हातारी माणसं येतात." मी म्हटलं, लाखो येऊ देत, माझी एकच आहे. मग म्हणाला, "आजी खरंच येतेय ना?" आवाज अगदी सातवीतला.

बघ, म्हटलं मनात. अजून इथलाच आहे.

२५ एप्रिल

बॅगा! जनीवन्संनी पाठवलेलं: पोह्याचे पापड, कुरडया, कैरीचं लोणचं, मेतकूट, बाळंतिणीचे लाडू. आणि जवळ्याची चटणी, अर्धा किलो! मी म्हटलं, वन्सं, ही डब्यातून नुसता वास सोडेल तरी विमान खाली उतरवतील.

"उतरवू द्यात. सगळ्यांना येकयेक चमचा दे."

चटणी घरीच ठेवली. लोणचं दोनदा काढलं, यांनी दोनदा परत घातलं. मी रागावले तर म्हणतात, "पोराला आवडतं." मला माहीत नाही का काय आवडतं ते! आवडतं म्हणून तर इकडे येऊन खा म्हणायचंय.

२८ एप्रिल

आज मी फार वाईट बोलले. मोठ्या बॅगेत सासूबाईंनी घरातली जुनी खुरपी घातलेली सापडली. खुरपी! टोरांटोला! मी ओरडले — तिकडे काय भात लावायचाय? इतके दिवस मी मरमर मरतेय आणि तुम्ही सगळे मिळून...

त्यांनी मुकाट्याने खुरपी काढून घेतली. "बरं, ऱ्हाऊ दे. तिथं मिळंल." म्हणाल्या.

संध्याकाळी मी त्यांचे पाय चेपले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, काढला, परत ठेवला. आम्ही दोघींनी माफी असली कधी मागितलेली नाही, एकमेकींची कामं करतो.

४ मे

पेरूला पाणी घालून आले. शेजारच्या नागूला रोज घालायला सांगितलंय. जाताना त्या खोडाला सांगितलं, आणते त्याला. हसू आलं माझं मला.

वाक्य आरशासमोर म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा न रडता जमलं.

६ मे, सोमवार. विमानतळ

गावातल्या संतोषच्या गाडीने निघालो. दह्याची वाटी, गावदेवीला नारळ. खालापूरच्या नाक्यावर गाडी तासभर अडकली तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं. पण वेळेत पोचलो.

व्हीलचेअर दारातच तयार! आणि सासूबाई? एक शब्द न काढता बसल्या. मांडी घालून! ढकलणाऱ्या बाईंना म्हणाल्या, "बाय, सावकाश चाल, घाई मला नाय, सुनेला हाय." मी पासपोर्ट, कागद, औषधं, उशी, सगळं छातीशी धरून पळतेय मागून, आणि या राणीसारख्या दोन्ही बाजूला बघत चालल्यात.

आता तपासणी.

६ मे, तिथेच, तपासणीनंतर

विमानाला वेळ आहे. तोवर लिहिते.

पडद्याआड महिला पोलीस होती, तरुण, मराठी. यंत्र कमरेशी वाजलं. "आजी, काय आहे तिथे?" मी पुढे झाले. म्हटलं, मशेरीची डबी आहे, टाकून द्या, मी कधीपासून सांगतेय.

सासूबाईंनी डबी काढली. त्या मुलीने उघडली.

मशेरी नव्हती. जुन्या मलमलीचा तुकडा, त्यावर काळा दोरा गुंडाळलेला. आत सुंठीच्या तुकड्याएवढं वाळलेलं काहीतरी.

"हे काय आहे, आजी?"

"नातवाची नाळ हाय, बाय."

त्या मुलीने कापड होतं तसं गुंडाळलं, डबी लावली आणि दोन्ही हातांनी परत दिली.

मी म्हटलं, नाळ तर पेरूखाली आहे! मी ऐकलं होतं, कुदळ.

"ती वार पुरली गं, मागनं पडते ती. नाळ ठेवली व्हती, पोराला झटकं आलं तर उगाळून द्यायला. मग ऱ्हायली." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरीची कचऱ्यात गेली. निदान बापाची तरी तिच्या अंगनात पुरू. त्याचं घर आता तिथं हाय, परभा. त्याला किती वर्सं कमरेला बांधून ठेवू? त्यो ना इथं नीट जेवतो, ना तिथं."

हे बाजूला उभे होते. पट्टा हातात, बूट हातात. म्हणाले, "मला माहीत नव्हतं गं." पहिल्यांदाच वेगळं उत्तर दिलं यांनी.

माझी सबंध आयुष्यातली एकच सोबतीण घेऊन निघाले होते मी, माझ्या बाजूने बसायला.

७ मे, विमानात

काय सांगू! सगळं ठरल्यासारखं झालं. तिन्ही सीट सलग. उशी बरोब्बर बारा इंच. घोटे सुजले नाहीत. मऊ खिचडी आली. मोरीच्या दाराशी मी उभी राहिले, कासोटा परत बसला. हे घोरले. एकतीस इंचांत सासूबाईंनी मांडीसुद्धा घातली, शेजारच्या माणसाला कळलंही नाही. इतका सुखाचा प्रवास कोणाचा झाला नसेल.

मी त्यांच्याशी बोलले नाही. एक शब्द नाही. राग आला की मला बोलता येत नाही, लिहिताच येतं, म्हणून लिहितेय. कोणी विचारलं होतं तुम्हाला? नऊ महिने पोटात कोणी ठेवला?

जेवणानंतर त्यांना झोप लागली आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. चोळीची पट्टी उलटी होऊन बाहेर दिसत होती. लाल दोऱ्यातलं नाव. मी आत केली.

८ मे, टोरांटो

बाळाच्या हाताला दुधाचा आणि नव्या कापसाचा वास येतो. देवेशच्या कानाशी केस पांढरे झालेत. फोनवर दिसत नाहीत.

लोणच्याची बरणी त्याने उभ्या उभ्याच उघडली.

११ मे, शनिवार

सकाळी आम्ही सगळे मागच्या अंगणात होतो. रुचिताने झाडं लावायची छोटी खुरपी आणून दिली. सासूबाईंच्या हातात डबी, त्यांना वाकवेना. देवेश बाळाला घेऊन उभा होता, त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. वाक्य तोंडात होतं. आजी शेजारीच होती.

खड्डा मी खणला. सासूबाईंनी एक वीत खोल सांगितला होता. मी चार बोटं जास्तच खणला.